पॉवर व्हीलचेअर: निवड आणि प्रवास, तुमचे प्रश्न

मागच्या अंकात व्हीलचेअरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांतली बरीचशी बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे पॉवर व्हीलचेअरबद्दलची निघाली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माणसाचं माप घेऊन खुर्ची ठरवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत पण ती मुद्दामच लांब ठेवलीत.

प्रश्न: ताई, आईचं वय ७२. गुडघे आणि कंबर दोन्ही गेल्यामुळे चालणं जवळपास बंदच झालंय. भाऊ आणि मी रोज रात्री बसून खुर्च्या बघतो, कुणाची मोटर मोठी, कुणाचा स्पीड जास्त, कुणी म्हणतं ३० किलोमीटर रेंज. डोकं भणभणायला लागलंय. नक्की कशावरून ठरवायचं?

उत्तर: मोटर, स्पीड, रेंज हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एवढाच की आई त्या खुर्चीत दिवसाचे किती तास बसणार आहेत. घरात आधाराने उठतात-बसतात आणि खुर्ची फक्त बाहेर जाण्यापुरती लागणार असेल तर घडीची हलकी खुर्ची पुरते, साधारण २० ते ३० किलोची असते, डिकीत मावते. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्यातच बसायचं असेल तर मात्र ती नको, कारण त्यातल्या बऱ्याच खुर्च्यांची सीट म्हणजे नुसतं ताणलेलं कापड असतं, काही महिन्यांत ते मधे खोलगट होतं, मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते आणि मग पाठ दुखते, मान दुखते, माकडहाडाजवळ कातडी लाल व्हायला लागते. दिवसभर बसणाऱ्या माणसाला पक्क्या बैठकीची सीट, वेगळी उशी आणि पाठीला नीट आधार हवाच.

आता माप. आईंना एका कडक खुर्चीवर सरळ बसवा. नितंबांची सगळ्यात रुंद जागा मोजा, त्यात दोनेक सेंटीमीटर मिळवा, ती सीटची रुंदी. मग नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा, त्यातून साधारण ५ सेंटीमीटर वजा करा, ती सीटची खोली. खुर्चीत बसवल्यावर तपासायचं कसं, तर कंबर पार मागे टेकलेली असताना सीटची पुढची कड आणि गुडघ्याची खळी यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. बोटं जात नसतील तर सीट खोल आहे, आणि मग काय होतं बघा: कड गुडघ्यामागे टोचते, टोचू नये म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो, कंबर मागे गोल होते, सगळं वजन माकडहाडावर येतं. घरचे म्हणतात आई सारखी घसरते, आणि पट्टा आवळतात. अहो, आई नाही घसरत, सीट चुकलीय. पायाच्या पट्ट्या इतक्याच उंच ठेवा की मांडी पूर्ण सीटवर टेकेल, हाताची पट्टी इतकीच की खांदे वर उचलले जाणार नाहीत.

स्वतःचं वजन या कुशीवरून त्या कुशीवर टाकता येत नसेल तर टिल्ट असलेली खुर्ची घ्या. टिल्टमध्ये सीट आणि पाठ एकत्रच मागे कलतात, वजन खालून पाठीकडे जातं. रिक्लाइनमध्ये फक्त पाठ मागे पडते आणि शरीर सीटवरून घासत सरकतं, कातडी ओढली जाते. दोन्ही मिळत असेल तर उत्तम, एकच परवडत असेल तर माझं मत टिल्टलाच. आणि टिल्ट आहे म्हणून नुसतं थोडंसं मागे कलून उपयोग नाही, खालचा दाब खरंच हलका व्हायचा तर ३० अंश किंवा त्याहून जास्त कलावं लागतं, दिवसातून बऱ्याच वेळा.

एवढं झालं की मग घरातलं सगळ्यात अरुंद दार मोजा आणि खुर्चीची एकूण रुंदी विचारा. एकूण म्हणजे चाकांसकट आणि बाहेर आलेल्या जॉयस्टिकसकट, सीटची रुंदी नव्हे. आणि शक्य असेल तर घरी आणून चालवून बघा, विशेषतः पॅसेजमधून बाथरूमकडे वळताना. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच खुर्च्या छान चालतात.

प्रश्न: मोटर मागच्या चाकाला, मधल्या चाकाला की पुढच्या? प्रत्येक जण आपलीच चांगली म्हणतो.

उत्तर: तिन्ही चांगल्या, जागा वेगवेगळी. मधल्या चाकाची खुर्ची जागच्या जागी गोल फिरते, त्यामुळे लहान खोल्या आणि लिफ्टसाठी हीच सगळ्यात सोयीची, शिकायलाही सोपी. पण तिला पुढे-मागे छोटी चाकं असतात आणि खडबडीत रस्त्यावर, उताराच्या सुरुवातीला वगैरे कधीकधी ती छोटी चाकं टेकतात आणि मधलं मोठं चाक अधांतरी फिरत राहतं. चांगल्या सस्पेन्शनने हे कमी होतं, पूर्ण जात नाही. मागच्या चाकाची वेगात सरळ रेषेत छान जाते, बाहेर लांब फिरणाऱ्यांना आवडते, पण वळायला मोठी जागा लागते. पुढच्या चाकाची छोटा उंचवटा सहज चढते, कोपऱ्यातून पायही नीट वळतात, मात्र वेगात मागची बाजू डुलते, सवय व्हायला वेळ लागतो. घरात जास्त वेळ जाणार असेल तर मी मधल्या चाकापासून सुरुवात करायला सांगते.

प्रश्न: बाबांना पार्किन्सन्स आहे, हात थरथरतो. जॉयस्टिक जमेल का?

उत्तर: बहुतेक वेळा जमते, पण दुकानातून आली तशीच नाही. चांगल्या खुर्चीचा कंट्रोलर प्रोग्रॅम करता येतो: किती झटकन वेग घ्यायचा, किती हळू थांबायचं, वळताना किती वेग, आणि हाताचं थरथरणं किती दुर्लक्षित करायचं हे सगळं तंत्रज्ञ बसून ठरवू शकतो. सगळ्यात आधी वळण्याचा वेग कमी करून घ्या, नवीन माणूस भिंतीला धडकतो तो बहुतेक वळतानाच. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला खालून आधार द्या, त्याने थरथर बरीच कमी होते. जॉयस्टिकचा दांडाही बदलता येतो, गोल बोंडाऐवजी टीच्या आकाराचा किंवा हाताच्या पंजात बसणारा.

आजार वाढत जाणारा असेल तर खरेदीच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा, पुढे हात चालेनासा झाला तर याच खुर्चीला हनुवटीची जॉयस्टिक, डोक्यामागचे सेन्सर किंवा फुंकर-ओढीचं नळीचं कंट्रोल जोडता येईल का? काही खुर्च्यांचं इलेक्ट्रॉनिक्स यासाठी तयार असतं, काहींचं अजिबात नाही. नसेल तर दोन-तीन वर्षांत अख्खी खुर्ची बदलावी लागते.

प्रश्न: लिथियम घेऊ की साधी बॅटरी? आणि कंपनी सांगते तेवढी रेंज खरंच मिळते का?

उत्तर: रेंजचं आधी सांगते, नाही मिळत. तो आकडा सपाट जमिनीवर, नव्या बॅटरीवर काढलेला असतो. चढ, खड्डे, थंडी, जास्त वजन, दिवसातून दहा वेळा टिल्ट, हे सगळं त्यातून वजा होतं आणि बॅटरी जुनी होत जाते ते वेगळंच. मी सांगते की छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर दिवस आखा, आणि तो निम्मा परतीच्या प्रवासासकट.

मोठ्या, दिवसभर वापरायच्या खुर्च्यांत अजूनही बहुतेक जेल किंवा एजीएम, म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड प्रकारच्या बॅटरी असतात, १२ व्होल्टच्या दोन जोडून २४ व्होल्ट. या जड असतात पण खात्रीच्या. यांना रोज रात्री पूर्ण चार्ज करायचं, दिवसभरात थोडीशीच वापरली असली तरी, आणि चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत प्लग काढायचा नाही. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की कायमची मार खाते. लिथियम हलकी, अर्धवट चार्ज केली तरी चालते, आणि खूप दिवस वापरायची नसेल तर साधारण निम्मी भरून ठेवायची. चार्जर कंपनीचाच वापरा, दुसऱ्याचा बसतो म्हणून लावू नका. फुगलेली, तडा गेलेली, पडून आपटलेली लिथियम बॅटरी परत चार्जिंगला लावायची नाही म्हणजे नाही. आणि चार्जिंग दाराच्या वाटेत नको, पेट घेतलाच तर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो, आणि जो माणूस उठून पळू शकत नाही त्याच्या घरात याचा विचार आधी करायला हवा.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याला खुर्चीसकट व्हॅनमध्ये चढवतो. ड्रायव्हर चाकांना लाकडी ठोकळे लावतो आणि नायलॉनच्या दोरीने खुर्ची बांधतो. खुर्चीचा कमरेचा पट्टा मुलाला लावलेला असतोच. एवढं पुरतं ना?

उत्तर: नाही पुरत. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि या अंकात सगळ्यात आधी याचंच उत्तर लिहायला घेतलं.

हिशोब बघा. मोठी पॉवर खुर्ची सहज १५० किलोची असते. व्हीलचेअरची वाहनासाठीची जी क्रॅश टेस्ट आहे, आयएसओ ७१७६ चा भाग १९, त्यात ताशी साधारण ४८ किलोमीटर वेगावरून गाडी अचानक थांबल्यासारखा धक्का देतात, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट असतो. म्हणजे त्या क्षणी १५० किलोची खुर्ची ३ टन वजनासारखी पुढे झेपावते, आणि तिच्या पुढे तुमचा मुलगा बसलेला असतो. दोरी आणि ठोकळे तिथे काहीच करू शकत नाहीत.

ज्यांना गाडीच्या सीटवर बदलून बसता येतं त्यांनी तेच करावं आणि रिकामी खुर्ची वेगळी पक्की बांधावी. तुमच्या मुलाला ते शक्य नसेल तर आधी खुर्चीच्या पुस्तिकेत बघा की ती वाहनात सीट म्हणून वापरायला चाचणी झालेली आहे का. असेल तर फ्रेमवर चार ठिकाणी हुकाचं चिन्ह असतं, दोन पुढे दोन मागे. गाडीच्या जमिनीवर बसवलेल्या रुळांत किंवा कड्यांत अडकणारे चार पट्टे त्याच जागी लावायचे. पायाच्या पट्टीला, हाताच्या पट्टीला, चाकाला, निघू शकणाऱ्या कुठल्याही भागाला पट्टा लावायचा नाही. खुर्चीचं तोंड पुढेच, आडवी कधीही नाही.

मग मुलाचा पट्टा, आणि हा खुर्चीच्या पट्ट्यापेक्षा वेगळा. खुर्चीला असलेला पट्टा नीट बसवण्यापुरता असतो, अपघातात तो धरत नाही. गाडीला जोडलेला कमरेचा आणि खांद्याचा असा पूर्ण पट्टा लागतो. कमरेचा भाग खाली, कटीच्या हाडांवर, पोटावर नाही, आणि तो हाताच्या पट्टीच्या वरून नाही तर आतून, अंगाला चिकटून जायला हवा. ही चूक मी सगळ्यात जास्त बघते: पट्टा हाताच्या पट्टीवरून ताणलेला असतो, दिसायला घट्ट, आणि पोटासमोर चार बोटं मोकळी. खांद्याचा भाग कॉलरबोनच्या मधून, मानेला घासत नको. पाठ जवळपास सरळ, टिल्ट बंद, डोक्याला हेडरेस्ट, पुढचा ट्रे काढून वेगळा बांधलेला, खुर्चीची पॉवर बंद आणि मोटर गिअरमध्ये. डोक्यासमोर हाताच्या लांबीएवढी तरी मोकळी जागा ठेवा.

घडीच्या हलक्या खुर्च्या आणि चालता न येणाऱ्यांसाठीच्या बॅटरीच्या स्कूटर यातल्या बहुतेक अशा चाचणीतून गेलेल्या नसतात, त्यांच्यावर बसून गाडीतून प्रवास करायचा नाही. काही शहरी बसमध्ये उलट्या तोंडाने, गादीच्या फळीला पाठ टेकवून उभी करायची जागा असते, तिथे पट्टे नसले तरी चालतं कारण बसची रचनाच तशी केलेली असते, पण पाठ खरंच फळीला टेकलेली हवी आणि पॉवर बंद हवी. ड्रायव्हरला घाई असते, ओशाळल्यासारखं वाटतं, तरी पट्टे लागेपर्यंत गाडी हलू देऊ नका.

प्रश्न: पहिल्यांदाच विमानाने जाणार आहोत. दोन भीत्या आहेत, एक म्हणजे बॅटरीवरून अडवतील आणि दुसरी म्हणजे खुर्ची मोडून हातात येईल.

उत्तर: दोन्ही भीत्या खऱ्या आहेत आणि दोन्हीवर आधीपासून काम करता येतं.

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास, म्हणजे २४०. आंतरराष्ट्रीय नियम असा की घडीच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी एक असेल तर ३०० वॅट-तासांपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. ती काढून, टोकं झाकून, पिशवीत घालून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, सामानात टाकायची नाही. जादाची म्हणून ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन नेता येतात. २४ व्होल्ट २० अँपिअर-तासची बॅटरी ४८० होते, म्हणजे विमानतळावर अडकणार, म्हणून उडायचं मनात असेल तर हे गणित खुर्ची घेतानाच करा. जेल किंवा एजीएम साधारणपणे खुर्चीतच राहते, फक्त ती न सांडणारी आहे असं बॅटरीवर लिहिलेलं हवं आणि खुर्ची चुकून चालू होणार नाही अशी बंद करायची. एअरलाइनची मंजुरी दोन्हीला लागते. तिकीट काढतानाच कळवा, निदान ४८ तास आधी तर नक्कीच, आणि बॅटरीचे कागद छापून जवळ ठेवा.

एअरलाइन खुर्चीचं वजन आणि लांबी-रुंदी-उंची विचारते. उंची पाठ घडी करून किती होते ते मोजून सांगा. छोट्या विमानांच्या सामानकक्षाचं दार एक मीटरपेक्षाही कमी उंच असतं, खुर्ची उभी जात नाही, मग ती आडवी केली जाते आणि तिथेच जॉयस्टिक आणि पाठ तुटते. विमान कुठलं आहे आणि दार किती उंच आहे हे विचारायला लाजू नका.

देण्याआधी उशी, हेडरेस्ट, बाजूच्या पट्ट्या, सुटणारी जॉयस्टिक सगळं काढून केबिनमध्ये न्या. जॉयस्टिक सुटत नसेल तर आत वळवून बबल रॅपमध्ये गुंडाळा. आणि पाठीला एक लॅमिनेट केलेला कार्ड बांधा, त्यावर फोटो: मोटर मोकळी करायचा खटका कुठे आहे, पाठ कशी खाली होते, उचलताना कुठे धरायचं आणि कुठे अजिबात धरायचं नाही. खाली सामान चढवणाऱ्या माणसाला तुमची खुर्ची आयुष्यात पहिल्यांदा दिसत असते, त्याच्याकडे दोन मिनिटं असतात, त्याला वाचायला नव्हे तर बघायला काहीतरी द्या. हवेची उशी असेल तर उडाल्यावर केबिनमधला दाब कमी झाल्याने ती फुगून कडक होते, त्यावर बसला असाल तर थोडी हवा सोडा, उतरल्यावर परत भरा.

खुर्ची हातातून देण्याच्या आधी चालती असतानाचा व्हिडिओ काढा. उतरल्यावर शक्यतो विमानाच्या दाराशीच परत मागा, आणि विमानतळ सोडायच्या आधी बसून, चालवून, टिल्ट करून बघा. काही बिघडलं असेल तर तिथेच लेखी तक्रार. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. चांगली पॉवर खुर्ची याच्यापेक्षा कितीतरी महाग असते, म्हणून चेक-इनच्या वेळी खुर्चीची खरी किंमत जाहीर करून देण्याची सोय त्याच करारात आहे, ती मागा, नाहीतर वेगळा विमा काढा.

प्रश्न: घराला तीन पायऱ्या आहेत, एक जाड फळी टाकली तर चालेल?

उत्तर: फळीच्या जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची. रॅम्पचं नेहमीचं प्रमाण १ ला १२, म्हणजे तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटीमीटर उंच असतील तर ५.४ मीटर लांब रॅम्प हवा, दोन्ही बाजूंना कड असलेला. चढताना-उतरताना सरळ, तिरकं नाही, सीट वर उचललेली असेल तर आधी खाली घ्या. आणि मोटर मोकळी करायचा जो खटका असतो तो उतारावर कधीच ओढू नका. तो ओढला की खुर्चीचा ब्रेकही सुटतो, मग मागे उभा असलेला माणूस कितीही धडधाकट असला तरी १५० किलो अधिक बसलेल्याचं वजन त्याला थोपवता येत नाही.

प्रश्न: वापरलेली खुर्ची स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

उत्तर: माप जुळत असेल तर जरूर विचार करा, पण दुसऱ्याच्या मापाची खुर्ची फुकट मिळाली तरी दिवसभर बसायला नको. बॅटरी बदलावी लागणार असं धरूनच भाव करा. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराचा घुमट असतो तो फाटलेला आहे का बघा, फाटला असेल तर पावसाचं पाणी आत जाऊन खुर्ची मधेच बंद पडू शकते किंवा भलतीकडे जाऊ शकते. हलक्या उतारावर चालवून जॉयस्टिक सोडा, खुर्ची जागीच थांबायला हवी, जराही घरंगळली तर ब्रेकचं काम आहे. सुटे भाग अजून मिळतात का ते कंपनीला विचारा. आणि गाडीतून बसून प्रवास करायचा असेल तर ही खुर्ची आधी कुठल्या वाहन अपघातात होती का हे आवर्जून विचारा. होती असं कळलं तर फ्रेम वरून कितीही धड दिसली तरी घेऊ नका.